स्किझोफ्रेनियातलं विसरणं: घरात काय बदलायचं, कसं सांगायचं

"वर जाऊन खिडक्या लाव, येताना चार्जर आण आणि मग मशीनमधले कपडे वाळत टाक." शुभार्थी, म्हणजे हा आजार असलेला माणूस, वर जातो, खिडक्या लावतो आणि तिथेच पलंगावर बसून राहतो. खालून हाक आली की "काय?" म्हणतो. अशा वेळी घरच्यांच्या मनात दोनच शब्द येतात, आळस किंवा नाटक. तीनपैकी दोन कामं त्याच्या डोक्यात जिना चढेपर्यंतही टिकली नसतील, ही शक्यता कोणी धरतच नाही.

हा मजकूर शुभंकरांसाठी आहे, म्हणजे स्किझोफ्रेनिया असलेल्या माणसाची रोजची काळजी घेणाऱ्यांसाठी. गोळ्यांनी भास आणि संशय आटोक्यात आले तरी स्मरणाची अडचण बहुतेकांच्या बाबतीत मागे उरते. मेंदूतल्या डोपामिन या रसायनाला अडवणारी ही औषधं भासांवर जितकी चालतात तितकी स्मरणावर चालत नाहीत. त्यासाठी वेगळी मेहनत घ्यावी लागते आणि त्यातली बरीचशी घरातच होते.

मेंदूत कुठे अडतं

ऐकलेली गोष्ट काही सेकंद मनात धरून तिच्यावर काम करायचं, या क्षमतेला कार्यकारी स्मृती म्हणतात. ती पाटीसारखी असते: लहान, आणि सतत पुसली जाणारी. निरोगी प्रौढाच्या पाटीवर एका वेळी साधारण चार गोष्टी मावतात, स्किझोफ्रेनियात त्याहून कमी. ही पाटी सांभाळण्यात कपाळामागच्या प्रीफ्रंटल कॉर्टेक्सचा मोठा वाटा असतो.

प्रयोगशाळेत हे मोजायची एक पद्धत अशी. पडद्यावर एकामागून एक अक्षरं येतात: क, म, र, म, स, म. आलेलं अक्षर दोन घरं आधीच्या अक्षराशी जुळलं की बटण दाबायचं. या ओळीत दुसऱ्या आणि तिसऱ्या 'म'ला दाबायचं. ऐकायला सोपं वाटतं; पण दर अक्षराला सर्वांत जुनं पुसायचं, नवं लिहायचं आणि मधल्याशी गल्लत होऊ द्यायची नाही, हे सगळं काही क्षणांत करायचं असतं. वर सांगितलेली जिन्यावरची तीन कामं म्हणजे याच चाचणीचं घरगुती रूप.

१९८६ मध्ये डॅनियल वाइनबर्गर आणि सहकाऱ्यांनी नियम शोधून पत्ते लावायची चाचणी चालू असताना मेंदूतला रक्तप्रवाह मोजला. निरोगी माणसांत प्रीफ्रंटल भागातला प्रवाह वाढला, स्किझोफ्रेनिया असलेल्यांत तसा वाढला नाही. त्यावरून बरीच वर्षं 'पुढचा मेंदू मंद चालतो' असं सरसकट म्हटलं गेलं. पुढे एफएमआरआयने, म्हणजे काम चालू असताना मेंदूचा कोणता भाग राबतो ते दाखवणाऱ्या तपासणीने, चित्र गुंतागुंतीचं निघालं. काम सोपं असेल तर हा भाग उलट जास्त राबताना दिसतो, आणि भार वाढवत नेला की इतरांपेक्षा लवकर हात टेकतो. म्हणजे साध्या कामालाही जास्त खर्च होतो, आणि वरची मर्यादाही लवकर येते. सकाळची दोन फुटकळ कामं करून शुभार्थी थकलेला दिसतो, त्याची निदान काही संगती इथे लागते.

आणखी एक गोष्ट. आपण काही करत नसताना मन स्वतःशीच भरकटतं, तेव्हा मेंदूतलं एक जाळं जागं असतं. काम सुरू झालं की ते दबायला हवं. स्किझोफ्रेनियात ते पुरेसं दबत नाही, त्यामुळे बाहेरचं बोलणं आणि आतली बडबड एकाच पाटीवर येऊन पडतात.

दुसरा अडथळा मेंदूतल्या हिप्पोकॅम्पस या भागात. नवी घटना कायमच्या वहीत उतरवण्याचं काम त्याच्याकडे असतं. या आजारात तो सरासरीने थोडा लहान आढळतो, विश्रांतीतही जास्त सक्रिय असतो आणि आठवायची वेळ आली की हवा तसा कामाला लागत नाही. रोजच्या व्यवहारासाठी महत्त्वाचं हे, की मुख्य गळती नोंद होतानाच होते. जे एकदा नीट नोंदलं गेलं, ते पुढच्या अर्ध्या तासात इतरांच्या मानाने फार वेगाने पुसलं जात नाही. झोपेचाही यात हात आहे. गाढ होत जाणाऱ्या झोपेत मेंदूच्या आलेखावर चातीच्या आकाराच्या छोट्या लहरी उमटतात, त्या दिवसभरात शिकलेलं पक्कं करायला मदत करतात, आणि या आजारात त्या कमी दिसतात.

जे बऱ्यापैकी शाबूत राहतं, तेही लक्षात ठेवा: हाताला लागलेली सवय. सायकल, कुलूप, ठरलेला रस्ता. खालचे जवळजवळ सगळे उपाय याच जोरावर उभे आहेत.

आणि एक भीती आधीच दूर करायला हवी. एमिल क्रेपेलिनने एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस या आजाराला 'अकाली येणारा बुद्धिभ्रंश' अशा अर्थाचं नाव दिलं आणि ती सावली अजून पुसलेली नाही. प्रत्यक्षात स्मरणातली घट बहुतेकदा आजाराच्या पहिल्या झटक्याच्या आधीपासूनच थोडी असते, झटक्याच्या सुमारास वाढते आणि नंतर बरीचशी स्थिर राहते. अल्झायमरसारखी ती वर्षागणिक कोसळत जात नाही. सरासरीने स्मरण आणि लक्षाच्या चाचण्यांत गुण साधारण एका प्रमाण विचलनाने (म्हणजे निरोगी माणसांच्या गुणांत एरवी जितका फरक असतो साधारण तितक्याने) कमी येतात; पण माणसामाणसांत फरक मोठा, काहींचे गुण अगदी नेहमीसारखेही असतात.

आधी आठवडाभर फक्त लिहा

लगेच चिठ्ठ्या डकवायला घेऊ नका. सात दिवस एक वही ठेवा. प्रत्येक विसरण्याला एक ओळ: किती वाजता, काय सांगितलं होतं (शब्दशः, तुमचं वाक्य जसंच्या तसं), काय झालं, आणि इशारा दिल्यावर आठवलं का. शेवटचा रकाना सर्वांत कामाचा. शुभार्थीला वहीबद्दल सांगूनच ठेवा. चोरून लिहिलेली वही सापडली की संशयाला आयतं खाद्य मिळतं.

आठवड्यानंतर वही वाचली की नमुने दिसू लागतात. काम सुरू झालं पण मध्येच सुटलं, तर पाटी भरली होती. सूचना लहान कराव्या लागतील. इशारा दिल्यावर लगेच आठवलं, तर नोंद झाली होती, फक्त काढता येत नव्हती. तिथे नजरेसमोर खूण ठेवली की भागतं. इशाऱ्यानेही काहीच आठवत नाही आणि "तू सांगितलंच नाहीस" असं ठामपणे येतं, तेव्हा नोंदच झाली नव्हती. तो खोटं बोलत नाही, यावर वाद घालून हाती काही लागत नाही. चौथा प्रकार ठरल्या वेळचं काम चुकण्याचा. 'चार वाजता फोन कर' हे 'आंघोळ झाली की फोन कर' यापेक्षा या आजारात जास्त चुकतं, कारण घड्याळावर लक्ष ठेवायला पाटीचा एक कोपरा सतत अडकून राहतो. पाचवा प्रकार घरात सर्वांत जास्त भांडणं लावतो: गोष्ट आठवते, पण ती कोणी सांगितली, की आपण केली, की फक्त मनात आली होती, हे कळत नाही. "गोळी घेतली" असं तो मनापासून सांगतो, कारण घ्यायचं ठरवल्याची आठवण खरीच असते.

औषधं आणि झोप आधी तपासा

काही विसरणं आजाराचं नसतंच. हातांची थरथर आणि ताठरपणा कमी करण्यासाठी दिलेली ट्रायहेक्सिफेनिडिलसारखी गोळी मेंदूतल्या ॲसिटिलकोलिनला अडवते, आणि नवी नोंद व्हायला हेच रसायन लागतं. क्लोझापिन, ओलान्झापिन, क्लोरप्रोमाझिन या आजारावरच्या औषधांतही हा गुण कमीअधिक आहे. जुन्या प्रकारची ॲलर्जीची गोळी किंवा लघवीच्या घाईवरची गोळी त्यात भर घालते. ओझं बेरजेने वाढतं, म्हणून सगळी औषधं, दुकानातून परस्पर आणलेलीसुद्धा, एका कागदावर लिहून मानसोपचारतज्ज्ञांना दाखवा आणि थेट विचारा: "थरथरीची गोळी अजून लागते का?" बऱ्याचदा ती सुरुवातीला दिलेली असते आणि पुढे कोणी तिच्याकडे वळून पाहिलेलं नसतं. पण स्वतःहून बंद करू नका. एकदम थांबवली तर ताठरपणा उसळतो, कधी मळमळ आणि बेचैनीही होते. लोराझेपाम, क्लोनाझेपाम या बेचैनी आणि झोपेसाठीच्या गोळ्यांचंही तसंच: स्मरणावर परिणाम होतो, आणि अचानक बंद केली तर फिट येऊ शकते.

दारू, गांजा, उदासी, थायरॉइड, बी-१२ ची कमतरता हे नेहमीचे संशयित. वजन वाढलेलं असेल, घोरणं मोठं असेल आणि झोपेत श्वास अडखळत असेल तर स्लीप ॲप्नियाची तपासणी मागा. या औषधांवर वजन वाढणं इतकं सर्रास आहे, की हा मुद्दा नजरेतून निसटतो आणि दिवसाची सगळी गुंगी गोळ्यांच्या माथी मारली जाते.

सांगण्याची रीत

आधी टीव्ही बंद करा, नाव घेऊन हाक मारा, त्याने तुमच्याकडे पाहिलं की मगच बोला. एका वेळी एक काम सांगा. ते झालं की दुसरं. वाक्य छोटं ठेवा आणि क्रियापद स्पष्ट ठेवा: "खिडक्या लाव." 'जरा वरचं बघून घे' यासारख्या वाक्यात नेमकं काय करायचं, हे ऐकणाऱ्यालाच शोधावं लागतं. सांगून झालं की पाच-सहा सेकंद गप्प राहा. हे गप्प राहणं घरच्यांना सर्वांत जड जातं. उत्तर आलं नाही की आपण तेच वाक्य वेगळ्या शब्दांत परत सांगतो, आणि ऐकणाऱ्याच्या पाटीवर आता दोन वाक्यं होतात.

मग त्याच्याच शब्दांत परत म्हणवून घ्या. "कळलं का?" याला 'हो' शिवाय उत्तर येत नाही, म्हणून ते विचारूच नका. "पहिलं काय करणार आहेस?" असं विचारा. उत्तर चुकलं तर "नाही" म्हणण्याऐवजी बरोबर वाक्य पुन्हा एकदा, त्याच शब्दांत.

"आठवतंय का, काल काय ठरलं होतं?" ही परीक्षा घेणं सोडा. "काल ठरलं तसं आज बारा वाजता दवाखान्यात जायचं आहे," असं सरळ सांगितलं की काम होतं आणि मानही राहतो.

घरालाच लक्षात ठेवू द्या

डॉन वेलिगन आणि सहकाऱ्यांनी स्किझोफ्रेनियासाठी घरातच आधार बसवायची एक पद्धत विकसित केली. तिचा गाभा एका ओळीत मावतो: आठवण डोक्यात साठवायला लावण्यापेक्षा जिथे काम होतं तिथेच ती दिसेल असं करा. दात घासायची खूण आरशावर, गॅस बंद करायची खूण गॅसच्या बटणाजवळ, किल्लीचा हुक दाराच्या कडीशेजारी. दिवाणखान्यातल्या मोठ्या फळ्यावर सगळ्या सूचना एकत्र लिहिल्या तर तो फळा पाहुण्यांनाच दिसतो.

माणूस कसा अडतो त्यावर आधाराचा प्रकार ठरतो. जो सुरुवातच करत नाही, त्याला सूचना देणाऱ्या गोष्टी लागतात: गजर, पायऱ्यांची यादी, हातात मिळतील असे एकावर एक ठेवलेले कपडे. जो भरभर सुरू करतो पण भलतीकडे वळतो, त्याच्यासमोरून नको त्या वस्तू काढाव्या लागतात. कपाटात तीस कपडे असतील आणि तो त्यातले चार एकावर एक चढवत असेल, तर यादी लावून उपयोग नाही. सात जोड्या करून प्रत्येक जोडी एका हँगरवर लावा, बाकीचे दुसऱ्या खोलीत ठेवा.

यादी करताना एका कागदावर तीन ते पाच पायऱ्या, प्रत्येक पायरी क्रियापदाने संपणारी, अक्षर मोठं, कागद मॅट. चकाकणारं प्लास्टिक लावलं की दिव्याखाली वाचता येत नाही. शक्यतो शुभार्थीच्याच हस्ताक्षरात लिहून घ्या.

बिघाड कुठे होतो? पहिला, खूण काही आठवड्यांत भिंतीचा भाग होऊन जाते. म्हणून दर दोन-तीन आठवड्यांनी रंग किंवा जागा थोडी बदला. शब्द मात्र तेच ठेवा. दुसरा, उत्साहाच्या भरात घरभर वीस चिठ्ठ्या लागतात. तीनपासून सुरू करा, एकीची सवय झाली की ती काढून पुढची लावा. तिसरा सर्वांत गंभीर: संशय जागा असताना अचानक उगवलेली चिठ्ठी 'माझ्यावर नजर आहे' असा अर्थ घेऊन येते. प्रत्येक खूण विचारून, त्याच्यासमोर लावा. ज्याला आवाजाचे भास होतात त्याच्या मोबाइलवर कोणाच्या आवाजातला रेकॉर्ड केलेला गजर लावू नका, साधी घंटी किंवा कंपन पुरे. कॅमेरा तर नकोच.

गोळ्यांचा डबा

सात दिवसांचा, दिवसाला जितक्या वेळा गोळ्या तितके कप्पे असलेला डबा घ्या. आठवड्यातून एका ठरल्या दिवशी दोघांनी मिळून भरा: तो गोळी टाकेल, तुम्ही डॉक्टरांच्या चिठ्ठीशी ताडून पाहाल. हवेला किंवा ओलाव्याला न चालणाऱ्या गोळ्या पाकिटातून काढायच्या की नाही, हे औषध देणाऱ्याला विचारा.

डबा घड्याळाशी जोडू नका, रोज न चुकता होणाऱ्या कृतीशी जोडा. ब्रश करणं चुकत नसेल तर डबा ब्रशजवळच्या कोरड्या जागी. घरात लहान मूल असेल, किंवा शुभार्थीच्या मनात आत्महत्येचे विचार येत असतील, तर एका दिवसाच्याच गोळ्या बाहेर, बाकीच्या कुलपात. "घेतली का?" असं विचारण्याऐवजी रिकामा कप्पा पाहा. कप्प्याला आठवणीवर विसंबावं लागत नाही, आणि त्याच्याशी वादही होत नाही.

एखादी वेळ चुकली तर पुढच्या वेळी दुप्पट देऊ नका. काय करायचं ते त्या औषधासाठी आधीच विचारून डब्याच्या झाकणावर लिहून ठेवा. क्लोझापिनबाबत एक नियम पाठच असायला हवा. ४८ तासांहून जास्त खंड पडला तर पूर्वीचा डोस परत एकदम सुरू करायचा नाही. शरीराची सवय मोडलेली असते. रक्तदाब कोसळू शकतो, फिट येऊ शकते. डॉक्टर पुन्हा १२.५ मिलिग्रॅमपासून चढवत नेतात. तेव्हा शेवटची गोळी नेमकी कधी घेतली हे सांगता आलं पाहिजे, आणि तिथेही डबाच साक्षीदार. वारंवार चुकतच असेल तर दोन आठवड्यांनी, महिन्याने किंवा त्याहूनही लांब अंतराने घ्यायच्या इंजेक्शनबद्दल विचारा.

नवं काम शिकवताना चूक होऊ देऊ नका

"चुकेल तेव्हाच शिकेल" हे इथे उलटं पडतं. ज्याला आपण चुकलो ही घटना नीट आठवत नाही, पण हाताची सवय मात्र शाबूत आहे, त्याच्या हाताला चुकीची पायरीच पाठ होते. रॉबर्ट केर्न आणि सहकाऱ्यांनी चूक टाळून शिकवायची पद्धत या आजारात वापरून पाहिली, आणि नोकरीतल्या साध्या कामांसाठी ती नेहमीच्या पद्धतीपेक्षा सरस ठरली.

उदाहरण कपडे धुण्याच्या मशीनचं. पायऱ्या पाडा: नळ उघडायचा, कपडे टाकायचे, पावडर एक माप, झाकण लावायचं, गोल बटण लाल टिपक्यापर्यंत, सुरूचं बटण. टिपका तुम्ही आधी रंगवून ठेवा. बाकीच्या खुणांकडे त्याने बघायचंच नाही. पहिल्या दिवशी पाच पायऱ्या तुम्ही बोलत बोलत करा आणि शेवटची, सुरूचं बटण, त्याला करू द्या. ती सलग तीनदा बिनचूक झाली की शेवटच्या दोन त्याच्याकडे. अशा रीतीने मागून पुढे या. हात भलत्या बटणाकडे वळताना दिसला तर तिथे पोहोचण्याआधीच बरोबर जागेकडे बोट दाखवा. अंदाज करायला लावू नका. एका बैठकीला १० ते १५ मिनिटं पुरे, रोज शक्यतो त्याच वेळी. मशीन बदललं की जवळजवळ पहिल्यापासून शिकवावं लागेल. शिकलेलं एका जागेवरून दुसरीकडे आपोआप जात नाही.

अभ्यास किंवा वाचन करणाऱ्या शुभार्थीसाठी युक्ती वेगळी. यादी पाठ करायची तर निरोगी माणूस न सांगता गट पाडतो. इथे ते आपसूक होत नाही, पण करायला सांगितलं तर जमतं आणि आठवणही सुधारते. म्हणून प्रत्येक परिच्छेदानंतर "पुन्हा वाच" म्हणण्याऐवजी एक प्रश्न द्या: "हे आधीच्या कशाशी जोडलेलं आहे?" किंवा "यातली कोणती वस्तू जास्त जड?" प्रश्न साधाच चालेल, उत्तरासाठी अर्थ लावावा लागला पाहिजे.

प्रशिक्षण आणि व्यायाम

स्मरण-लक्षाचं पद्धतशीर प्रशिक्षण आज या अडचणीवरचा सर्वांत भरवशाचा उपाय आहे. फायदा मध्यम असतो, तोही टिकतो तो बैठका आठवड्यातून दोन-तीनदा, काही महिने चालल्या तर. कार्यक्रम निवडताना विचारा: बरोबर प्रशिक्षक बसतो का, युक्त्या शिकवतो का, आणि शिकलेलं नोकरी किंवा घरकामात उतरवून घेतो का. यांतलं काहीच नसेल तर शुभार्थी त्या खेळात तेवढा पटाईत होतो आणि दवाखान्याची तारीख मात्र विसरतोच. मोबाइलवरच्या 'मेंदू तल्लख करा' छापाच्या खेळांवर पैसे घालवू नयेत, असं आमचं स्पष्ट मत.

दम थोडा लागेल असं चालणं किंवा सायकल, आठवड्यातून तीनदा अर्धा तास, यानेही विचारशक्तीला थोडा हातभार लागतो. सोबत कोणी असेल तरच ते टिकतं.

थांबू नये अशा वेळा

वर सांगितल्याप्रमाणे ही अडचण हळू आणि स्थिर असते. म्हणून दोन-चार दिवसांत एकदम वाढलेला गोंधळ, दिवसरात्र न कळणं, घरचा माणूस न ओळखणं, हे नेहमीचं विसरणं समजू नका. त्याबरोबर ताप, अंग लाकडासारखं ताठ होणं, दरदरून घाम आणि रक्तदाब किंवा नाडीची चढउतार असेल, तर तो औषधांचा दुर्मीळ पण जीवघेणा दुष्परिणाम असू शकतो. पुढची गोळी न देता त्याच तासाला रुग्णालय गाठा. डोक्याला मार, फिट, लिथियम (मनाचे चढउतार आवरणारं औषध) चालू असताना उलट्या-जुलाब आणि तोल जाणं, किंवा खूप सिगारेट ओढणाऱ्याने क्लोझापिनवर असताना अचानक ओढणं सोडल्यावर आलेली गुंगी, यांतही त्याच दिवशी डॉक्टर गाठा. धूर बंद झाला की क्लोझापिनची रक्तातली पातळी वाढते. निघताना औषधांचा कागद, गोळ्यांचा डबा जसा आहे तसा, आणि विसरण्याची वही, तिन्ही बरोबर घ्या.